किल्ली काढल्यावर फिरणारे पंखे

१४ मार्च

मामा,

आधी नमस्कार घे, मग कटकट ऐक. वर्षभर पत्र नाही आणि काम पडल्यावर बरा मामा आठवला, असं तू म्हणणारच, म्हणून ते मीच म्हणून टाकते.

बाबांची गाडी अजून माझ्याकडे आहे. रंग उडालाय, मागचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही, पण इंजिन तुझ्या हातचं आहे, ते कुरकुरत नाही. रोग एकच. गाव संपलं की लगेच अकरा किलोमीटरचा घाट लागतो आणि उन्हाळ्यात चौथ्या वळणावर काटा लाल पट्टीत जातो. मग वाफ, मग सगळं ठप्प. पहाटे निघ म्हणशील, पण पहाटेचं जमण्यासारखं नाही. मला ती गाडी मे महिन्यात, भर दुपारी, मालट्रकांच्या मागून, कुठेही न थांबता घाटमाथ्यावर न्यायची आहे, आणि तिथून पुढे आणखी दीडशे किलोमीटर.

बेल्टवरचा जुना पंखा काढून विजेवरचे दणकट पंखे बसवतात असं ऐकलंय. खरं आहे का? आणि मला स्वतःला बसवता येतील का? यांना कामातून वेळ नसतो.

उत्तर घरी पाठवू नकोस. मी पुस्तकं बांधते त्या बाइंडिंग कारखान्याचा पत्ता पाकिटावर आहे, तिथे पाठव. घरचं टपाल गहाळ होतं. फोनही नको, माझा फोन बिघडलाय.

चिमणी सहा वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडलेत, हसली की बोळकं दिसतं.

तुझी खारुताई

२० मार्च

खारुताई,

फोन बिघडला, टपाल गहाळ होतं, गाडी उकळते. तुमच्या घरात धड चालतं तरी काय? जावईबापू तेवढे चालू आहेत ना?

लहानपणी माझ्या गॅरेजमधले नटबोल्ट पळवून गादीखाली लपवायचीस, त्यावरून तर तुझं नाव खारुताई पडलं. तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, तुझी लेक एक दिवस पाना धरणार. ताई माझ्यावर लाटणं घेऊन धावली होती.

आता ऐक. बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या तालावर नाचतो. घाटात ट्रकमागे गाडी रांगते, समोरून वारा लागत नाही आणि इंजिन मात्र जीव तोडून ओढत असतं. तो एकटा पंखा काय करणार? त्यात पंखा आणि रेडिएटर यांच्यात वीतभर फट, म्हणजे निम्मा वारा बाजूनेच पळतो. विजेवरचे दोन पंखे लावायचे आणि भोवती पत्र्याचं कवच, म्हणजे ओढतील तो सगळा वारा रेडिएटरच्या जाळीतूनच येईल. भंगारात आलेल्या एका व्हॅनचे दोन पंखे माझ्याकडे पडलेत, लोखंडी पात्यांचे. दोन अशासाठी की एक दगावला तर दुसरा घरी पोचवतो. फक्त त्या पात्यांना नातंगोतं कळत नाही. माझ्या डाव्या करंगळीचं टोक गाडीखाली तूच शोधत होतीस, आठवतं ना? सापडलं नाही ते नाहीच.

पण बसवायचे कोणी? जावईबापूंना वेळ नाही म्हणजे काय? बायको उन्हात गाडीखाली शिरणार आणि हे सावलीत बसून पेपर वाचणार? पुढचं पत्र त्यांच्या हातचं येऊ दे. नाही आलं तर मीच त्यांच्या गोदामात फोन लावून चार शब्द सुनावतो.

मामा

२७ मार्च

मामा,

गोदामात फोन करू नकोस. तुला चिमणीची शपथ. तू सुनावशील चार शब्द आणि ते माझ्या अंगावर उमटतील.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. तो मला मारतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आधी हाताने मारायचा, मग पट्ट्याने, आता हाताला लागेल त्याने. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, ते तापामुळे झालं असं मी आईला सांगितलं होतं. ती गेली तेव्हाही तिला तेच माहीत होतं.

एकदा चिमणीला घेऊन बसने निघाले. कंडक्टर त्याच्या ओळखीचा निघाला, त्याने लगेच फोन करून कळवलं. पुढच्या थांब्यावर तो उभाच. चाळीस माणसांच्या देखत त्याने मला केसांना धरून खाली उतरवलं. इथल्या चौकीत जावं तर तिथला हवालदार रविवारी आमच्याच ओसरीवर पत्ते खेळायला येतो. मग मागच्या मे महिन्यात गाडी काढली. चौथ्या वळणावर ती उकळली. अर्ध्या तासाने तो मोटरसायकलवर पाण्याचा कॅन बांधून आला, हसत हसत. पाणी त्यानेच ओतलं, गाडी त्यानेच घरी आणली. अंगणात बोनेट उघडलं, माझा उजवा तळवा रेडिएटरवर दाबून धरला आणि दहापर्यंत आकडे मोजले. सावकाश मोजले. चिमणी दारात उभी होती.

तेव्हापासून गाडी दुरुस्त करायला तो हात लावू देत नाही. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि हिची चौथ्या वळणापर्यंत,' असं चारचौघांत म्हणतो. कामावर जाताना टायरवरून खाली फरशीपर्यंत खडूची रेघ ओढून जातो. गाडी हलली की रेघ तुटते. रात्री फाटकाला कुलूप. फक्त बुधवारी मला सुट्टी असते, आणि बुधवारी गोदामात माल उतरतो म्हणून अकरा ते चार तो तिथून हलत नाही. म्हणून मला भर दुपारचीच वेळ आहे.

आणि चिमणीचे दात पडले असं मी लिहिलं होतं. ते आपोआप पडले नाहीत. दूध सांडलं म्हणून त्याने तिला भिंतीवर फेकलं. मला मारतो तेव्हा मी सहन करत होते, हे मी लिहून मोकळी होते. तिच्या तोंडातलं रक्त पुसलं त्या दिवशी माझ्यातलं ते सहन करणं संपलं.

तू ती लोखंडी टॉमी घेऊन निघशील हे मला ठाऊक आहे. निघू नकोस. त्या गिऱ्हाइकाचा जबडा फोडून चौदा महिने आत राहिलास, आता पुन्हा गेलास तर परत येणार नाहीस, आणि मी इथेच राहीन. मला टॉमी नको, पंखे दे.

खारुताई

३ एप्रिल

खारुताई,

पत्र वाचलं आणि गॅरेज बंद केलं. टॉमी पिशवीत घातली, स्टँडवर जाऊन तिकीट काढलं, बसमध्ये बसलोसुद्धा. तिथे पत्र पुन्हा वाचलं आणि उतरलो. परत येऊन भंगारातल्या एका गाडीचं दार तासभर टॉमीने हाणत बसलो. शेजारचा पंक्चरवाला धावत आला, मामा, झालंय काय? म्हटलं, हे दार ऐकत नव्हतं. आता त्याला दार म्हणायची सोय उरलेली नाही.

मी त्याला जावईबापू म्हणत होतो. त्याला माझ्या या दोन हातांत दे, खारुताई. फक्त दहा आकडे. मी त्याचं एकेक बोट वेगळं करीन, आणि प्रत्येक आकड्याला त्याला विचारीन की आता कसं वाटतंय. अंगात नुसती आग आहे. आणि सगळ्यात जास्त राग माझाच येतोय. तुझ्या लग्नात त्याला मिठी मारून मी सांगितलं होतं, आमची पोर वांड आहे, सांभाळून घ्या.

पंखे धुऊन काढले. मोटर उघडून नवे ब्रश घातले. कवच मापाने कापलं, तुझ्या बाबांच्या गाडीचं माप मला तोंडपाठ आहे. आठवड्यात खोकं येईल. कामाचं सगळं मी वेगळ्या कागदावर लिहून देतो, म्हणजे तेलकट हातांनी वाचता येईल. हे पत्र मात्र जाळ.

मामा

८ एप्रिल

खोक्यासोबतचा कागद. गाडीपाशी ठेवायचा.

इंजिन थंड असतानाच हात लाव. बॅटरीची काळी वायर आधी सोड. जुना पंखा चार बोल्टांवर आहे, दहाचा पाना लागतो. नवे दोन पंखे कवचासकट रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसतात. कवच जाळीला घट्ट टेकलं पाहिजे, फट राहिली तर रबराची पट्टी कोंब.

जाडी लाल वायर बॅटरीवरून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून रिलेमध्ये, रिलेतून पंख्यांना. फ्यूज मी दिलाय तोच लाव. बारीक वायर वापरलीस तर पंख्यांआधी वायरच पेटेल. काळी वायर गाडीच्या अंगाला, रंग खरवडून. निळी वायर रेडिएटरच्या खालच्या नळीतल्या छोट्या स्विचला. पाणी तापलं की तो स्विच निळ्या वायरीतून रिलेला सांगतो आणि पंखे सुरू होतात.

वारा बरोबर दिशेला जातोय की नाही ते कागदाने बघ. पंखे चालू असताना रेडिएटरच्या पुढून कागद धर. चिकटला पाहिजे. उडाला तर तारा उलट्या लागल्या.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. किल्ली काढली तरी हे पंखे पाणी गरम असेपर्यंत फिरतात. मुद्दाम तसं केलंय. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की पाणी जागच्या जागी थांबतं आणि उष्णता वर येते, तेव्हाच इंजिनाच्या सांध्यातलं गॅसकेट जातं. चार-पाच मिनिटं फिरून आपोआप थांबतील, कधी थांबून पुन्हा सुरू होतील. म्हणून बंद गाडीतही पंख्यात हात घालायचा नाही. न सांगता सुरू होतात. माझ्या करंगळीला विचार.

मामा

२४ एप्रिल

मामा,

बसले! दोन बुधवार लागले. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि इकडे शेळी बरोबर कुंपणात गेली. चौथा बोल्ट गंजला होता, तो सोडवताना हाताची सालटं निघाली, पण पुस्तकं दाबायच्या यंत्राने माझी मनगटं तुझ्यापेक्षा घट्ट झालीत. काल किल्ली फिरवली, दहा मिनिटांनी पाणी तापलं आणि दोन्ही पंखे असे गरजले की चिमणी कानांवर हात ठेवून नाचायला लागली. पुस्तकाच्या अस्तराचा एक कागद पुढे धरला. चटकन चिकटला. मी ओढला तरी सुटेना. बोनेटवर डोकं ठेवून रडले मग.

त्याला गाडीतलं काही कळत नाही. बोनेट बंद असलं की बाहेरून गाडी तशीच्या तशी. रेघेची चिंता करू नकोस, चिमणीच्या पाटीचा खडू आहे, त्याच्यासारखी रेघ मी डोळे मिटून ओढते.

पुढच्या बुधवारी सहाव्या वळणापर्यंत जाऊन परत येते. काटा निम्म्यावर राहिला की झालं. पलीकडच्या शहरात शाळेतली मैत्रीण आहे, ती मागची खोली द्यायला तयार आहे. तुझ्याकडे येणार नाही. तो सगळ्यात आधी तुझ्याच दारात येईल.

पत्रं जाळत नाही मी. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत घालून वरून कापड चिकटवते. पुठ्ठा सोलून कोणी वाचत नाही.

खारुताई

६ मे

मामा,

अक्षर लागणार नाही कदाचित, डाव्या हाताने लिहितेय.

गाडी चढली. चौथं वळण, पाचवं, सहावं, दोन ट्रकांच्या मागे, काटा निम्म्यावरून हलला नाही. वळून घरी आले तेव्हा पावणेदोन झाले होते. टायर जागेवर, रेघ ओढली, अंगणातल्या चाकांच्या खुणा झाडल्या, किल्ली खुंटीवर लावली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. सगळं नीट केलं होतं.

बुधवारी तो कधी येत नाही. त्या दिवशी चष्मा विसरला म्हणून आला. फाटकातून आत शिरला तर बंद गाडी घूंघूं करतेय. तू लिहिलं होतंस, मामा, मीही वाचलं होतं. पण माझा डावा कान अंगणाकडे होता. मला ऐकूच आलं नाही.

त्याने बोनेटवर तळवा ठेवला, चटका बसला, आणि हाक मारली. नावाने, गोड आवाजात. मी बाहेर आले तोवर डिकीतून जॅकचा दांडा काढला होता. उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, एक बरगडीही, आणि भुवईला पाच टाके. मी खाली पडल्यावर तो बुटाने मारत राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही. चिमणीने त्याच्या पोटरीला चावा घेतला. त्याने तिला लाथेने टेबलाखाली ढकललं, आणि ती तिथूनच ओरडत राहिली, 'मोजू नका, मोजू नका.' दवाखान्यात मी जिन्यावरून पडले असं सांगितलं. आमच्या घराला जिना नाही.

आवाज कसला होता ते त्याने उघडून पाहिलं नाही. गाडी गरम होती एवढं कळलं, तेवढं त्याला पुरलं. किल्ली आता त्याच्या जुडग्यात आहे. जूनच्या एक तारखेला गाडी भंगारात जाणार आहे.

खारुताई

११ मे

खारुताई,

तुझी हाडं मी मोडली. माझ्याच हातांनी जोडलेल्या वायरीने मोडली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. इंजिनाच्या गॅसकेटची काळजी केली आणि अंगणात तुझा जीव उघडा पडेल हे मला सुचलं नाही. तीस वर्षं लोकांच्या गाड्या मी अशाच जोडत आलो, कारण लोकांना आपली गाडी बाहेर जाऊन आली हे लपवायचं नसतं. दोन दिवस जेवलो नाही. पण माझ्या न जेवण्याने तुला काय मिळणार?

या पुडक्यात किल्ली आहे. तुझ्या बाबांनी दुसरी किल्ली माझ्या फळीवर टांगून ठेवली होती, 'हरवली तर असावी' म्हणून. अकरा वर्षं धूळ खात होती.

दुसरी वस्तू म्हणजे एक स्विच. टोकं मीच दाबून दिली आहेत, तुला डाव्या हाताने नुसती खोचायची. निळी वायर रिलेतून काढ, टोकाला टेप गुंडाळ आणि तशीच सोड. त्या जागी या स्विचची वायर लाव, आणि स्विच डॅशबोर्डखाली, तुझ्या गुडघ्याजवळ. आता पंखे पाण्याचं ऐकणार नाहीत, किल्लीचंही ऐकणार नाहीत, फक्त तुझं ऐकतील. वर केला की चालू, खाली केला की बंद. गाडी थांबली रे थांबली की आधी हात स्विचवर, खाली. अंगवळणी पाड. पुन्हा तुझ्या अंगणात तो आवाज येता कामा नये.

आता चाचणी नको. पुढच्या वेळी निघशील ती जाण्यासाठीच निघ. आणि खारुताई, लागलंच तर गाडी मोडू दे, जाळून टाक, दरीत लोट. तू आणि चिमणी तेवढ्या पोचा.

मामा

३१ मे

मामा,

पोचलो. दोघी. मैत्रिणीच्या मागच्या खोलीत आहोत, चिमणी तीन दिवस नुसती झोपतेय.

बुधवारी सव्वाअकराला निघालो. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चाकाला चिकटत होतं. चौथं वळण आलं तेव्हा चिमणीने सीटखाली डोकं घातलं. ते गेलं, सहावं गेलं. काटा निम्म्यावर. आठव्याच्या पुढे आरशात मोटरसायकल दिसली. त्या दिवशी गोदामात मालाचा ट्रक आलाच नव्हता, हे नंतर कळलं.

त्याने मोटरसायकल माझ्यापुढे आडवी घातली. मी ब्रेक मारला. त्याने हेल्मेटने खिडकीची काच फोडली, माझ्या तोंडावर एक ठोसा मारला, आत हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. ओठ फुटला, तोंड रक्ताने भरलं. इंजिन बंद पडलं, सवयीने पंखेही बंद केले. मला बाहेर ओढून काढेल असं वाटलं होतं. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. 'चौथ्या वळणाच्या पुढे आलीच कशी?' असं म्हणत त्याने बोनेट उघडलं. आत बघून हसला. म्हणाला, 'अच्छा, हे आहे होय. दहापर्यंत मोज. दहाला हे दोन्ही उपटून तुझ्या हातात देतो.' आणि कवचात हात घालून वायर ओढायला लागला.

पंखा सुरू झाला. सगळं तापलेलंच होतं ना? तूच लिहिलं होतंस, न सांगता सुरू होतात.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो आवाज मी लिहीत नाही. तो रस्त्यावर पडला आणि गुरासारखा ओरडत होता. रक्त माझ्या काचेपर्यंत उडालं. त्याच्या खिशातून किल्ली मी काढली तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने माझा घोटा धरला, तो मी लाथेने सोडवला. मग ओढणीने त्याचं मनगट आवळून बांधलं, खाली जाणारा ट्रक थांबवला आणि त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं. एका पंख्याची पाती वाकली होती. दुसऱ्याने आम्हाला वर नेलं. तू म्हणायचास तसंच झालं.

इथल्या चौकीत तक्रार दिली. पोलीसबाईंनी माझा तळवा उलटसुलट करून पाहिला आणि भाजल्याचा डागही तक्रारीत लिहून घेतला. तिकडे त्यानेही तक्रार केलीये, मी मुद्दाम पंखा चालू केला म्हणून. मामा, पंखा आपोआप सुरू झाला. तसं होतं ना?

खारुताई

७ जून

खारुताई,

होतं. तसंच होतं. तीस वर्षांचा माझा अनुभव आहे.

काल घाटाखालच्या तुमच्या गावचे दोन पोलीस गॅरेजवर येऊन गेले. तुझ्या गाडीला पंखे कोणी बसवले विचारलं. म्हटलं, माझे पंखे, माझी जोडणी. किल्ली नसताना पंखा फिरेल कसा, असं विचारलं. मी त्यांना आत नेलं, एका गिऱ्हाइकाची तापलेली गाडी बंद केली, किल्ली त्यांच्याच हातात दिली आणि म्हटलं, आता गप्प उभे राहा. दोन मिनिटांनी पंखा गरजला आणि धाकटा पोलीस टुणकन मागे उडाला. मग माझी करंगळी दाखवली. मी त्यांना सांगितलं, भाचीला ८ एप्रिलला मी हे सगळं लिहून बजावलं होतं, तो कागद तिच्याकडे असेल.

तो कागद पुठ्ठ्यातून काढ आणि पोलीसबाईंना दे. तो एकच. ११ मेचं पत्र आणि ३ एप्रिलचं, दोन्ही जाळ, या वेळी खरंच जाळ.

आणि गाडी बघायला कोणी येण्याआधी निळ्या वायरीची टेप काढ, ती रिलेत परत खोच, आणि डॅशबोर्डखालचा स्विच काढून मला पाठव. मला तो दुसऱ्या एका गाडीसाठी हवाय. पाच मिनिटांचं काम आहे.

मी तुला काही विचारत नाही. कधी विचारणारही नाही.

मामा

१८ जून

मामा,

विचारणार नाहीस म्हणूनच सांगते. तुला खोटं लिहिलं ते मला पचलं नाही.

माझा हात स्विचवरच होता. तूच लावलेली सवय. तो वाकला, बोनेट आणि काच यांच्या मधल्या फटीतून मला त्याची बोटं दिसत होती, अगदी पात्यांच्या मधे. किल्ली त्याच्या खिशात होती, त्यामुळे गाडी मेली अशी त्याची खात्री होती. तो म्हणाला, मोज. मी मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. मागच्या सीटवरून चिमणीचा आवाज आला, 'आई, मोजू नको.' तीनला मी स्विच वर केला, आणि त्याचं ओरडणं सुरू झाल्यावरही लगेच खाली केला नाही.

वाईट वाटतं का? त्याच्यासाठी नाही. चिमणीने ते पाहिलं याचं वाटतं. आणि मनगट बांधताना माझे हात थरथरले नाहीत, याची मलाच भीती वाटते. तू चौदा महिने कशासाठी आत होतास ते मला आता कळलं, मामा. तुझंच रक्त आहे.

निळी वायर जोडली. कवचाच्या तळाशी नखासकट एक तुकडा वाळून पडला होता, तो कागदात गुंडाळून पोलीसबाईंकडे दिला. ८ एप्रिलचा तेलकट कागदही दिला. त्यांनी गाडी चालवून, बंद करून, पंखा फिरताना पाहिला आणि तसं लिहून घेतलं. चिमणी कायद्याने माझ्याकडे राहावी म्हणून वकीलबाईंनी अर्ज केलाय. निकाल लागेपर्यंत त्याला आमच्या आसपास फिरकायला मनाई आहे.

स्विच या पुडक्यात आहे. ३ एप्रिलचं पत्र जाळलं. ११ मेचं नाही जाळलं. चिमणीच्या नव्या वहीच्या पुठ्ठ्यात शिवलंय. ती मोठी झाली की पुठ्ठा सोलून तिच्या हातात देईन, म्हणजे आपल्यासाठी कोणी दोन दिवस जेवलं नव्हतं हे तिला कळेल.

इथेही एका बाइंडिंगमध्ये काम मिळालं. गाडीनेच जाते, येताना चिमणीला शाळेतून घेते. गाडी मैत्रिणीच्या अंगणात लावली आणि किल्ली काढली की पंखा सुरू होतो आणि चार-पाच मिनिटं गरजत राहतो. वाकलेली पाती मी सरळ केली आहेत, तरी एक जरा घासते, त्यामुळे आवाज अख्ख्या गल्लीत जातो. पहिल्या दिवशी चिमणी पळत जाऊन पलंगाखाली लपली होती. काल मात्र बोनेटपाशी उभी राहून तिने विचारलं, 'आई, सगळ्यांना कळेल ना आपण बाहेर गेलो होतो ते?'

म्हटलं, कळू दे. पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.

तुझी खारुताई